कृश प्रमेहीला लंघन नको

मधुमेहाचा रुग्ण चिकित्सालयात येऊन बसतो न बसतो, तोच आपल्यापैकी अनेकांच्या मुखातून ठरलेली पथ्यावली बाहेर पडते. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद, रात्रीचे जेवण बंद आणि कडू सुरू. त्यापाठोपाठ कारले, कडुनिंब, जांभूळबी, मेथी, गुडमार यांचे एखादे चूर्ण येते. नांदेड असो वा लातूर, जिल्ह्याचे ठिकाण असो वा तालुक्याचे गाव, या क्रमात फारसा फरक पडत नाही. ही चिकित्साच चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या रुग्णासाठी शास्त्रकारांनी ती सांगितली, त्या रुग्णास ती निश्चित हितकर आहे. प्रश्न एवढाच आहे की, समोर बसलेला रुग्ण तोच आहे काय?

मधुमेहाच्या वाढत्या प्रसाराविषयी वैद्यवर्गास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा महाराष्ट्रातील वीस वर्षांवरील लोकसंख्येत हे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. त्याच पाहणीचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आणि १३ कोटी ६० लक्ष लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. यांतील मोठा वर्ग केव्हा ना केव्हा आयुर्वेदाच्या दारात येतो. काही जण श्रद्धेने येतात, काही खर्च परवडत नाही म्हणून येतात, तर बरेच जण 'इन्सुलिन सुटावे' या एकाच आशेने येतात. या शेवटच्या वर्गाविषयी आम्हांस विशेष चिंता वाटते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजनही तेच आहे.

अन्न अंगी लागणे म्हणजे काय?

आपल्या मराठीत एक अर्थपूर्ण प्रयोग आहे. 'खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही' असे आपण म्हणतो. इन्सुलिनचे कार्य रुग्णास समजावून सांगण्यासाठी याहून समर्पक शब्द आम्हांस सापडलेले नाहीत.

आहारातील पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन ग्लुकोज रक्तात येते. त्याची पातळी वाढताच स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात. हे इन्सुलिन प्रामुख्याने तीन ठिकाणी काम करते. यकृतास ते नवी साखर तयार करण्यापासून रोखते आणि आलेली साखर साठविण्यास लावते. स्नायूंच्या व मेदाच्या पेशींमध्ये ते ग्लुकोजला प्रवेश मिळवून देते. साठलेला मेद विरघळू नये आणि मांसधातू झिजू नये, यासाठीही त्याचाच धाक असतो. तात्पर्य, इन्सुलिन केवळ 'साखर कमी करणारे' द्रव्य नव्हे. ते अन्न अंगी लावणारे द्रव्य आहे. रक्तशर्करा उतरणे हा त्या कार्याचा केवळ एक दृश्य परिणाम होय.

हे कार्य दोन निरनिराळ्या प्रकारे बिघडते. एका प्रकारात इन्सुलिन असते, किंबहुना प्रारंभी नेहमीपेक्षा अधिकच असते, परंतु यकृत, स्नायू व मेद त्याचे ऐकत नाहीत. यास इन्सुलिनचा प्रतिरोध म्हणतात. पोटावर मेद साठलेल्या, बैठे काम करणाऱ्या रुग्णात हे प्राधान्याने दिसते. दुसऱ्या प्रकारात शरीर आज्ञाधारक असते, पण आज्ञा देणारे इन्सुलिनच अपुरे किंवा नाहीसे झालेले असते. पहिल्या प्रकारातील बहुसंख्य रुग्णांत कालांतराने बीटा पेशी थकतात आणि दुसरा प्रकार त्यात येऊन मिसळतो.

दोन्ही प्रकारांत रक्तशर्करेचा आकडा सारखाच वाढतो. ती साधारणतः १८० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर गेली की वृक्कांची मर्यादा ओलांडली जाते, साखर मूत्रात उतरते, पाणी सोबत ओढून नेते, आणि प्रभूतमूत्रता व तृष्णा ही आपल्या परिचयाची लक्षणे प्रकट होतात. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्ही रुग्णांची उपाशीपोटीची साखर २४० असू शकते. त्या कागदाच्या आधारे दोघांना एकच चूर्ण व एकच पथ्य देणे म्हणजे ज्वर पाहून कारण न पाहता काढा देण्यासारखे आहे.

संहितांनी हा भेद केला होता

हा भेद आपल्याला नवा वाटण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद मानले आहेत. सहज प्रमेही कृश, रूक्ष, अल्पाहारी व अतितृषित असतो. अपथ्यनिमित्तज प्रमेही स्थूल, स्निग्ध, बहुभोजी आणि शय्या व आसन यांची आवड असणारा असतो. चरकसंहितेने चिकित्सास्थानात स्थूल व बलवान रुग्णास संशोधन आणि कृश व दुर्बल रुग्णास बृंहण सांगितले आहे. वाग्भटानेही मधुमेहाची उत्पत्ती धातुक्षयाने प्रकुपित झालेल्या वातापासून आणि दोषांनी वाताचा मार्ग आवृत झाल्याने, अशी दोन मार्गांनी मानली आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सुश्रुतांना इन्सुलिन ठाऊक होते असा दावा करण्याचा मोह आपल्या व्यासपीठांवर अनेकदा होतो. तो टाळावा. संहितांत इन्सुलिन नाही, बीटा पेशी नाहीत, रक्तशर्करेचे मापनही नाही. आवरणजन्य म्हणजे प्रतिरोध आणि धातुक्षयजन्य म्हणजे इन्सुलिनचा अभाव, असे समीकरण तंतोतंत मांडता येणार नाही. परंतु रुग्णाकडे बारकाईने पाहणाऱ्या आचार्यांना एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकृतीचे रुग्ण दिसले आणि त्यांनी दोघांना परस्परविरुद्ध चिकित्सा सांगितली, एवढे निर्विवाद आहे. पाश्चात्त्य वैद्यकात इन्सुलिनला प्रतिसाद देणारे व न देणारे मधुमेही वेगळे आहेत, हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखविले. आपल्याकडे हा भेद सूत्ररूपाने ग्रंथात होता. खेद याचा आहे की, व्यवहारात आपण त्यातील अर्धाच भाग उचलला. स्थूलाची चिकित्सा घेतली आणि कृशाची ग्रंथातच ठेवून दिली.

पुण्याजवळच्या खेड्यांतील बालके

'आमच्याकडचे रुग्ण कृश कुठे असतात, सगळ्यांची पोटे सुटलेली आहेत' असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्यात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातच झालेल्या संशोधनात आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालकांचा दीर्घकालीन अभ्यास केला. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बालके लहान होती, त्यांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, परंतु त्वचेखालील मेद मात्र त्या प्रमाणात कमी नव्हता. वजनाने कृश आणि घडणीने मेदस्वी असे हे बालक होय. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी इंग्लंडमधील आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होता. काट्यावर दोघे सारखे, आत मात्र दुप्पट अंतर.

गर्भावस्थेतील कुपोषणाचा पुढील आयुष्यातील मधुमेहाशी संबंध इतरत्रही दिसला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. त्या काळात मातेच्या उदरात असलेल्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली असता, ग्लुकोज पचविण्याची त्यांची क्षमता मंदावल्याचे आढळले. १९९८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे वाचताना मराठवाड्यातील वैद्यास १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. सुकडी व मिलो ज्वारीवर दिवस काढलेल्या, खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या मातांच्या उदरातील ती पिढी आज पन्नाशी ओलांडून आपल्या चिकित्सालयात बसलेली आहे. कृश हातपाय, पुढे आलेले पोट आणि वाढलेली साखर असे तिचे चित्र असल्यास नवल नाही. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु रुग्णाचे जन्मवर्ष व मातेच्या गर्भारपणाची हकीकत विचारण्यास खर्च येत नाही, आणि बीजदोष व गर्भदोष यांचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी तरी ती विचारावी.

याच्याही पलीकडे खऱ्या अर्थाने कृश असलेला एक वर्ग आहे. पोट नाही, मेद नाही, तारुण्यातच साखर वाढलेली आणि अंगी इन्सुलिन अत्यल्प. कुपोषणाशी निगडित असलेल्या या मधुमेहास जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये स्वतंत्र स्थान दिले होते आणि १९९९ मध्ये ते काढून घेतले. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील जागतिक परिषदेच्या वेळी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यास 'टाइप ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांचा या कार्यात महत्त्वाचा वाटा आहे. जो कृश प्रमेही आपल्या ग्रंथांत पूर्वीपासून आहे, त्याला आधुनिक वर्गीकरणात जागा मिळण्यास २०२५ साल उजाडावे लागले, आणि आपण मात्र त्याला अजूनही उपाशी ठेवीत आहोत.

उपाशी ठेवण्याचा इतिहास

कृश मधुमेहीस लंघन दिल्यास काय होते, याचा प्रयोग जगात एकदा होऊन गेला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी मधुमेहावर कडक उपासाची चिकित्सा प्रचारात आणली. त्यामागे दुष्टबुद्धी नव्हती. त्या वेळी याहून चांगले काही उपलब्धच नव्हते. मूत्रातील साखर खरोखर नाहीशी होत असे. परंतु मुलांची हाडे दिसू लागत, आणि मृत्यू टळत नसे, तो केवळ काही महिने वा थोडी वर्षे लांबत असे. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरोंटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले, तेव्हा त्याचे वजन जेमतेम तीस किलो होते. पहिले द्रव्य अशुद्ध ठरले. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेले देण्यात आले आणि तो सावरला. पुढे तो तेरा वर्षे जगला. मूत्रातील साखर तर उपासानेही जात होती. इन्सुलिनने जे दिले ते निराळे होते. खाल्लेले अन्न त्याच्या अंगी लागू लागले.

वैद्यबंधूंनी या घटनेचा आयुर्वेदाच्या परिभाषेत विचार करावा. वातज मधुमेह व सहज प्रमेह यांस संहितांनी असाध्य म्हटले, आणि १९२२ पर्यंत ते विधान सर्व जगाच्या अनुभवास धरून होते. इन्सुलिनने अशा रुग्णास रोगमुक्त केले नाही, पण असाध्यास याप्य केले. चिकित्सा चालू आहे तोवर तग धरणारा व ती थांबताच ढासळणारा, ही याप्याची कल्पना आपलीच आहे. मग 'आजन्म इंजेक्शन म्हणजे गुलामी' हे वाक्य आयुर्वेदाच्या नावाने का उच्चारले जावे?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. काही काळापूर्वी अहमदपूर भागातील एक तरुण ऊसतोड कामगार आमच्याकडे आणण्यात आला. त्याचे इन्सुलिन एका ठिकाणी सोडविण्यात आले होते, त्याऐवजी एक कडू चूर्ण व एकभुक्त राहण्याचा सल्ला देण्यात आला होता. चार महिन्यांत वजन चोपन्न किलोवरून एक्केचाळीसवर आले. आधी दोन दिवस उलट्या व पोटदुखी होती, म्हणून अम्लपित्ताचे औषध चालू होते. आमच्यासमोर आला तेव्हा श्वास खोल व जलद होता, त्याला कुजट फळासारखा वास होता, आणि जीभ कोरडी पडली होती. इन्सुलिनच्या अभावी मेद अनिर्बंध विरघळून रक्तात किटोन आम्ले साचल्याचे हे चित्र होते. त्यास तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठविण्यात आले, म्हणून तो वाचला. कृश मधुमेहीची उलटी व पोटदुखी अम्लपित्त समजण्यापूर्वी साखर व मूत्रातील किटोन तपासावेत, एवढा एक नियम जरी प्रत्येकाने पाळला तरी काही प्राण वाचतील.

कडू रसाविषयीही एक शब्द. तिक्त रस मेद, क्लेद व कफ यांचे शोषण करतो, म्हणूनच तो स्थूल प्रमेहीस उपकारक आहे. त्याचाच अतियोग धातूंचे शोषण करून वात वाढवितो, हेही चरकांनी रसांच्या विवेचनात स्पष्ट केले आहे. ज्याचा मांसधातू आधीच झिजत आहे, त्यास रोज पेलाभर कारल्याचा रस देणे हे आपल्याच शास्त्राच्या विरुद्ध आहे.

तीन प्रकारचे रुग्ण

व्यवहारात आम्ही मधुमेही रुग्णांचे तीन वर्ग करतो. हे वर्गीकरण परिपूर्ण नाही, परंतु उपयोगी आहे.

पहिला वर्ग उघड स्थूलांचा. यांस अपतर्पण, व्यायाम, शोधन, त्रिफळा, मेथी, विजयसार, गुडूची यांचा लाभ होतो. विजयसाराविषयी तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ९७ पैकी ६७ रुग्णांत बारा आठवड्यांनी साखर नियंत्रणात आली होती. परंतु हे सर्व नव्याने निदान झालेले रुग्ण होते आणि चाचणी खुली होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे सांगितल्याशिवाय तो आकडा रुग्णापुढे ठेवू नये. इन्सुलिनवर असलेल्या मुलास लाकडी पेल्यातील पाणी पाजण्यास हा आधार नव्हे.

दुसरा वर्ग दिसण्यात कृश, परंतु पोटावर मेद असणाऱ्यांचा. मराठवाड्यातील मध्यमवयीन रुग्णांत हाच वर्ग मोठा आहे, असा आमचा अनुभव आहे. यांस केवळ वजनकाटा फसवितो, म्हणून मोजपट्टी हवी. पुरुषाची कंबर ९० सें.मी. आणि स्त्रीची ८० सें.मी. याहून अधिक असल्यास तो मेद धोक्याचा समजावा. यांस दीर्घ लंघन देऊ नये. पोट उतरले पाहिजे, पण दंड व मांड्या झिजता कामा नयेत. ज्वारीची भाकरी जरूर असावी, मात्र तिच्यासोबत वरण घट्ट असावे. तूरडाळीची मोठी बाजारपेठ असलेल्या लातूरच्या आसपासच्या खेड्यांतील रुग्णांना आहार विचारला असता, ताटात भाकरी तीन आणि डाळ मात्र पाण्यासारखी, असे उत्तर वारंवार मिळते. मूग, मटकी, हरभरा, ताक आणि चालत असल्यास अंडी यांनी ती उणीव भरावी. केवळ चालणे पुरेसे नाही, बैठका, जोर यांसारखा बलवर्धक व्यायामही असावा, कारण ग्लुकोज सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू.

तिसरा वर्ग खऱ्या कृशांचा. अल्प काळात घटलेले वजन, तरुण वय, सपाट पोट, तीव्र तृष्णा व मूत्रातील किटोन, यांपैकी काहीही आढळल्यास सी-पेप्टाइड तपासणी करून घ्यावी. स्वतःच्या शरीरात इन्सुलिन किती तयार होते, याचे उत्तर ती देते. ही तपासणी तालुक्याला होत नसली तरी नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविता येतो. मात्र अवस्था गंभीर असल्यास अहवालाची वाट न पाहता रुग्णास आधी रुग्णालयात पाठवावे. लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही दोन ठिकाणे आपल्या हाताशी आहेत. इन्सुलिन सुरू झाल्यावर आपले काम संपत नाही, खरे तर तेथून सुरू होते. अश्वगंधा, आमलकी, निशा-आमलकी, सिद्ध घृत, मुगाचे यूष, मांसाहारी रुग्णास मांसरस, ही बृंहणाची योजना इन्सुलिनच्या आश्रयाने अंगी लागते. त्यावाचून ती मूत्रावाटे वाहून जाते.

तिन्ही वर्गांत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पंडुरोगात एचबीए१सीचा आकडा फसवा असू शकतो. लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढतो आणि रक्तस्रावाने वा रक्तकण लवकर नष्ट झाल्याने खोटा उतरतो. आपल्या भागातील स्त्रियांत पंडुता किती आहे हे आपण जाणतो, म्हणून जोडीने उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर पाहावी. दुसरे, पायांची आग व बधिरता प्रत्येक वेळी मधुमेहाचीच असते असे नाही. शाकाहारी आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णात बी-१२ ची कमतरता असू शकते. तिचे निदान न करता वातशामक तेले चोळीत राहू नये.

औषधालयांच्या चालकांस

आपल्या नियतकालिकाचे निम्मे वाचक औषधालये चालवितात. त्यांच्या फळीवर जे ठेवले जाते, तेच अनेक घरांत चिकित्सा ठरते. 'साखर मुळापासून जाते', 'इन्सुलिनपासून मुक्ती' अशी वेष्टने आजही बाजारात दिसतात. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे. हा कायदा सर्व चिकित्सापद्धतींस लागू आहे. कायद्याहूनही मोठा प्रश्न भेसळीचा आहे. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड व मेटफॉर्मिन मिसळल्याचे देशात व परदेशांत वेळोवेळी उघडकीस आले आहे. अशा चूर्णाने साखर दोन दिवसांत उतरते आणि दुकानाचे नाव होते. पण तेच चूर्ण घेऊन एकादशीचा उपास करणारी वृद्धा पहाटे बेशुद्ध सापडते. आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जे वनस्पतिजन्य औषध दोन-तीन दिवसांत साखर शंभराने उतरविते, त्याचे कौतुक करण्याआधी त्याचा संशय घ्यावा. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व निर्मात्याचा पत्ता नसलेले चूर्ण फळीवर ठेवू नये.

दुसरी विनंती उन्हाळ्याविषयी. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाचे असते. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे ते खिडकीत ठेवले जाते आणि निकामी होते. मग 'इन्सुलिन लागू पडत नाही' म्हणून रुग्ण आपल्याकडे येतो. अशा रुग्णास ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात बंद करून वापरातील कुपी ठेवण्यास शिकवावे, आणि राखीव कुप्या आपल्या शीतकपाटात नाव लिहून ठेवू द्याव्यात. आयुर्वेदीय औषधालयाने इन्सुलिनची कुपी सांभाळली म्हणून आयुर्वेद लहान होत नाही.

संघटनेस निवेदन

शेवटी, संघटनेच्या कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, सभासदांसाठी मधुमेही रुग्णाचे एकच छापील तपासणीपत्रक करावे. त्यात वजन, सहा महिन्यांपूर्वीचे वजन, कंबरेचा घेर, जन्मवर्ष, मातापित्यांचा इतिहास, चालू औषधे आणि स्थूल-कृश निर्णय यांची नोंद असावी. नांदेड व लातूर येथे आयुर्वेद महाविद्यालये आहेत. वर्षभराच्या अशा नोंदी त्यांच्या पदव्युत्तर विभागांकडे दिल्यास मराठवाड्याचा कृश प्रमेही कागदावर येईल. दुसरी, इन्सुलिनचा रुग्ण आल्यास ते बंद करण्याचा वा कमी करण्याचा सल्ला, ते सुरू करणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय केल्याविना सभासदाने देऊ नये, असा ठराव वार्षिक सभेत व्हावा. तिसरी, राज्यातील ग्रामीण उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणारे अनेक जण आपलेच बीएएमएस पदवीधर आहेत. गावात साखर प्रथम तेच मोजतात. त्यांना संघटनेच्या कार्यक्रमांत बोलवावे आणि कृश प्रमेही ओळखण्याचे प्रशिक्षण त्यांच्यापासून सुरू करावे.

काही वैद्यमित्रांना हे लेखन आयुर्वेदाची बाजू सोडल्यासारखे वाटण्याचा संभव आहे. आमची धारणा याच्या उलट आहे. सर्वांना एकच कडू चूर्ण देण्यास वैद्याची गरजच नाही, ते काम दुकानाची फळीही करू शकते. रुग्ण कृश की स्थूल, बलवान की दुर्बल, अपतर्पणास योग्य की बृंहणास, हा विवेक करण्यासाठीच वैद्य लागतो. हा विवेक संहितांनी आपल्या हाती दिला आहे, आणि तो वापरण्याची साधने आज कधी नव्हे इतकी सुलभ आहेत. मोजपट्टी दहा-वीस रुपयांना मिळते. पुढच्या मधुमेही रुग्णाची नाडी पाहून झाल्यावर, चूर्णाच्या बरणीला हात घालण्याआधी, ती त्याच्या कंबरेभोवती धरावी आणि त्यास एकच प्रश्न विचारावा: खाल्लेले अंगी लागते काय?